पाणी ओसरलं म्हणजे शेत तयार झालं असं नाही

पूर आला की एक संदेश फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: पुराचा गाळ म्हणजे फुकटचं खत, पाणी ओसरताच जाऊन शेत नांगरून द्या, उरलेली भाजी धुऊन विकत घ्या, शेणखत, पेंढा, रोपं पाठवा, लहान सेंद्रिय शेत महिन्याभरात उभं राहतं. पाठवणाऱ्यांच्या कळवळ्याबद्दल मला शंका नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या शेताला आणखी मागे ढकलणारी आहे.

गाळाचं आधी बघू. नदीकाठच्या जमिनी गाळानेच घडल्या, हे खरं. पण त्याला शतकं लागली. आजच्या पुरात सांडपाणी असतं, डिझेल असतं, वरच्या शेतांतली कीटकनाशकं असतात. कित्येकदा तर गाळ नसून निव्वळ वाळू असते. बारीक गाळाचा पातळ थर मातीत मिसळता येतो, वीतभर वाळू मात्र आधी उचलावीच लागते. आणि खत म्हणाल, तर पाण्याखाली मातीतला प्राणवायू दिवस-दोन दिवसांत संपतो. मग जिवाणू नायट्रेटवर, म्हणजे पिकाला मिळणाऱ्या नत्रावर (नायट्रोजनवर), जगू लागतात आणि ते नत्र वायू होऊन उडून जातं. सेंद्रिय शेतकऱ्याने कंपोस्ट घालून वर्षानुवर्षं जमवलेली ही पुंजी असते.

त्याहून कमी बोललं जातं ते मुळांशी राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीबद्दल. ही बुरशी पिकाला स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देते आणि जिवंत मुळांवरच जगते. १९९३ साली अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मोठा पूर आला. पुढच्या हंगामात तिथल्या पूरग्रस्त शेतांत मका खुरटला, पानं जांभळी पडली. ही स्फुरदाच्या कमतरतेची खूण. जमीन पिकाविना राहिल्याने बुरशी घटली होती. म्हणून अशा जमिनीला पहिली गरज असते ती हिरवळीच्या पिकाची, म्हणजे विकण्यासाठी नव्हे तर जमिनीसाठी घेतलेल्या शेंगवर्गीय पिकाची किंवा तृणधान्याची. मोहरीवर्गीय पीक यासाठी चालत नाही, कारण ही बुरशी त्याच्या मुळांवर वाढतच नाही.

नांगरणीची घाई तर सगळ्यात महागात पडते. ओल्या मातीवर ट्रॅक्टर गेला, किंवा वीस उत्साही माणसं दिवसभर चालली, तरी माती दबते आणि तो घट्ट थर पुढची काही वर्षं मुळांना अडवतो. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती काम करण्याइतकी सुकू द्या. मूठभर माती दाबून गोळा करा. बोटाने ढकलल्यावर तो फुटला तर काम सुरू करा, मेणासारखा चेपला तर घरी जा.

भाजी धुऊन विकायचा सल्ला धोक्याचा आहे. पुराचं पाणी लागलेला खाण्याचा भाग धुऊन सुरक्षित होत नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन असा माल माणसाच्या खाण्यासाठी अयोग्यच मानतं. तिथल्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेणखत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवसांचं अंतर लागतं (खाण्याचा भाग मातीला लागत नसेल तर ९०), आणि सांडपाणी शिरलेल्या शेतालाही कृषी सल्लागार हाच हिशेब लावतात. महिन्याभराची गोष्ट इथेच संपते.

आता शेणखत आणि पेंढा. काही तणनाशकं, उदाहरणार्थ अमिनोपायरॅलिड, गवतातून जनावराच्या पोटात जाऊन शेणातून तशीच बाहेर पडतात आणि कंपोस्टमध्येही टिकतात. अशा खताने टोमॅटो आणि शेंगवर्गीय पिकांची पानं आकसतात. वर शेताचं सेंद्रिय म्हणून असलेलं प्रमाणीकरणही धोक्यात येतं. दान मिळालेली रोपं, औषध लावलेलं बियाणं यांचंही तेच. काहीही पाठवण्याआधी त्या शेतकऱ्याला विचारा. त्यांनी नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका.

मग मदत काय करायची? कुंपणात अडकलेला कचरा हातमोजे आणि गमबूट घालून गोळा करा. साफसफाईला हात लावण्याआधी नुकसानीचे तारखेसह फोटो काढून द्या, भरपाईसाठी आणि प्रमाणीकरण संस्थेला लगेच कळवण्यासाठी ते लागतात. मातीच्या आणि विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा खर्च उचला. आणि परवडत असेल तर पुढच्या हंगामाच्या भाजीचे पैसे आजच द्या, कारण हिरवळीचं पीक जमिनीत असेल तोवर त्या घरात विक्रीचा एक पैसाही येणार नाही.