पतीच्या नावापुढची लाल चांदणी

मूल होण्याच्या क्षमतेच्या तपासण्या करून घेतल्या, काल रात्री रिपोर्टची पीडीएफ आली. एएमएच, एफएसएच, एलएच, एस्ट्राडायॉल, टीएसएच, प्रोलॅक्टिन, सगळी हार्मोनं रीतसर. वर ठळक अक्षरात 'सौ.' आणि माझं नाव. त्याखाली 'पतीचे नाव' आणि त्यापुढे आमच्या बाबांचं नाव. अख्खं, आडनावासकट.

कसं झालं असेल ते कळलंच असेल. सॉफ्टवेअरमध्ये पतीच्या नावापुढे लाल चांदणी असते आणि तो रकाना रिकामा सोडला की पुढचं पान उघडत नाही. "मिस्टरांचं नाव?" नाहीत. "मग काय टाकू?" काही नको. "मॅडम, काहीतरी टाकावंच लागतं, वडिलांचं टाकते हं." मागे रांग, पोटात सोनोग्राफीसाठी प्यायलेलं लिटरभर पाणी. अशा वेळी माणूस तत्त्वाला घट्ट धरून बसत नाही, मान हलवतो. आज सकाळी दुरुस्तीसाठी फोन केला. पलीकडून अतिशय गोड आवाजात उत्तर आलं, "होईल ना मॅडम, पतीचं आधार कार्ड घेऊन या."

पतीचं. आधार. कार्ड.

बरं, त्याच फॉर्मवर सगळ्यात खाली 'शेवटच्या पाळीची तारीख' असाही एक रकाना आहे. त्याला चांदणी नाही. तो रिकामा सोडला तरी संगणकाला काही वाटत नाही, रक्त काढणाऱ्यालाही नाही. एफएसएच (ओव्हरीला बीज वाढवायला लावणारं हार्मोन), एलएच आणि एस्ट्राडायॉल पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढतात. दहाव्या दिवशी काढलेला एफएसएच म्हणजे डिसेंबरात मोजलेला पाऊस. शिवाय एस्ट्राडायॉल सोबत तपासलेलं नसेल तर एकट्या एफएसएचवर विसंबता येत नाही, कारण एस्ट्राडायॉल चढलेलं असलं की ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि आकडा कमी, म्हणजे उगाच छान दिसतो. आणि पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झालेला दिवस, डाग दिसले तो नव्हे. हे काउंटरवर कोण सांगतं? कुणी नाही.

एएमएच, म्हणजे ओव्हरीत बीजांचा साठा किती उरलाय त्याचा अंदाज देणारा आकडा, कुठल्याही दिवशी चालतो, उपाशीपोटी जायची गरज नाही. पण गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तो कमी दिसू शकतो. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या घेत असाल तर काही मशिनांवर आकडा चुकू शकतो, म्हणून त्या दोन-तीन दिवस आधी बंद करायच्या असतात. नवऱ्याबद्दल मला तीन जणांनी विचारलं, बायोटिनबद्दल एकानेही नाही. नवरा असल्या-नसल्याने एएमएच बदलत नाही हो!

आता सोनोग्राफी. "लग्न झालंय?" हा तिथला सांकेतिक प्रश्न. विचारायचं असतं की शरीरसंबंध आलाय का आणि आतून, म्हणजे योनीमार्गातून, तपासणी चालेल का. तो प्रश्न वैद्यकीय आहे, रास्त आहे, सरळ विचारा की! तेहतीस-चौतीस वर्षांच्या बाईला भोवळ येणार नाही. पण नाही. 'नाही' असं उत्तर दिलं की पुढचं कुणी विचारतच नाही. फॉर्मवर 'अविवाहित' आणि थेट पोटावरून. आतून करायची तर मूत्राशय रिकामं लागतं, पोटावरून करायची तर फुगलेलं. म्हणजे लग्नाच्या एका उत्तरावर तुमचं लिटरभर पाणी ठरतं.

आणि त्यातून निघतं काय, तर 'ओव्हरीज नॉर्मल इन साइज'. एवढंच! मोजायचे असतात दोन्हीकडचे दोन ते दहा मिलिमीटरचे बारीक फॉलिकल, म्हणजे बीजांच्या पिशव्या, तेही पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत. आतल्या प्रोबच्या, म्हणजे तपासणीच्या दांडीच्या, ध्वनिलहरींची वारंवारिता जास्त, तो ओव्हरीच्या अगदी जवळ असतो, म्हणून बारीक दिसतं. पोटावरच्या प्रोबला चरबी, आतड्यातला वायू आणि भरलेलं मूत्राशय ओलांडून खोलवर बघायचं असतं, त्यामुळे वारंवारिता कमी आणि दोन-तीन मिलिमीटरचे ठिपके निसटतात. मग वंध्यत्वतज्ज्ञ तो रिपोर्ट बघून म्हणतात, "काउंट कुठाय? पुढच्या पाळीत आतून करून आणा." गेला महिना. पुढच्या महिन्यात दुसरा दिवस शनिवारी संध्याकाळी लागतो आणि रविवारी सोनोग्राफीचे डॉक्टर नसतात. ज्यांना खरंच आतून नको असेल त्यांच्यासाठी गुदमार्गातून करायचा पर्याय काही ठिकाणी असतो, पण तो आपणहून सांगितलेला निदान मी तरी ऐकला नाही.

वर गर्भलिंगनिदान कायद्याच्या पाटीकडे बोट दाखवून "नवऱ्याचं नाव लागतंच" असंही सांगतात. त्या कायद्याचा फॉर्म एफ गरोदर बाईसाठी आहे. मी गरोदर नाही, हेच तर तुमच्या रिपोर्टमध्ये येणार आहे!

पॅकेजचं तर बोलायलाच नको. 'फर्टिलिटी चेकअप' म्हणून जे विकतात त्यात वीर्यतपासणी धरलेली असते. ती काढून टाका म्हटलं तर "पॅकेजमध्ये बदल होत नाही". मग कुणाचा नमुना देऊ, वॉचमनकाकांचा? आणि भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो. सगळी गोरी, सगळी निळ्या डोळ्यांची. ही आपल्याकडे नक्की कुठल्या वॉर्डात जन्मतात?

एएमएच जरा कमी आला की अर्ध्या तासात एग फ्रीझिंगचा, म्हणजे बीजं गोठवून ठेवण्याचा, फोन. हो, तो आकडा इंजेक्शनं दिल्यावर अंदाजे किती बीजं निघतील ते सांगतो. बीजांचा दर्जा सांगत नाही. 2017 साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तिशी ते चव्वेचाळिशीतल्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांमध्ये कमी एएमएचमुळे नैसर्गिक गर्भधारणा कमी झालेली दिसली नाही. पण हे त्या फोनवरच्या बाईच्या कागदावर लिहिलेलं नसतं. तिच्या कागदावर ईएमआय असतो.

कायदा म्हणाल तर 2021 च्या एआरटी, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या, कायद्यात एकवीसच्या वरची आणि पन्नासच्या आतली बाई एकटी असली तरी चालते. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या नियमांत विवाहित-अविवाहित भेद चालणार नाही म्हणून सांगितलं. फक्त त्या चांदणीपर्यंत निरोप पोचायचाय. सरोगसीत मात्र अजून गंमतच: एकटी बाई विधवा किंवा घटस्फोटित असेल, पस्तीस ते पंचेचाळीसमधली, तर चालेल. लग्न करून मोडलं तर पात्र, केलंच नाही तर अपात्र. वा रे वा.

आता खरी फजिती ऐका. माझा प्रोलॅक्टिन वाढलेला आलाय. किंचित, पण लाल अक्षरात. प्रोलॅक्टिन ताणाने वाढतो, म्हणून तो सकाळी, उठल्यावर दोन-तीन तासांनी आणि आधी थोडं शांत बसून द्यायचा असतो. मी तो 'सौ.' वरून काउंटरवर वीस मिनिटं तावातावाने भांडून, तशीच खुर्चीत बसून दिला. वर भांडण हरलेही. म्हणजे तो आकडा प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीचा नाही, माझ्या तोंडाचा आहे आणि आता तो पुन्हा पैसे भरून काढायचा. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, हे आणखी वाईट.

तर पुढच्या वेळी मी बोलणारच नाही. चिठ्ठी देणार: पाळीचा पहिला दिवस अमुक तारखेला. गोळ्या चालू नाहीत. बायोटिन तीन दिवस बंद. सोनोग्राफी आतून चालेल, दोन्हीकडचा फॉलिकल काउंट आकड्यात लिहा. एएमएच मागच्याच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की पद्धत बदलते आणि तुलना करता येत नाही. एकक तपासा, एक नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे साधारण सात पिकोमोल प्रति लिटर, नाहीतर सात आला म्हणून पेढे वाटाल. पतीचे नाव: लागू नाही.

आणि पेन घरून न्या. तिथलं सुतळीने बांधलेलं असतं आणि ते उठत नाही.