काझोर्लाला काय मिळालं?

आज दुपारी जेवताना ऑफिसातल्या एकाने स्पेनचा फुटबॉलपटू सांती काझोर्लाचा तिथल्या ओव्हिएडो क्लबच्या निळ्या जर्सीतला व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, "चाळिशी आली, किमान पगारावर खेळतोय. काय मिळालं याला?" तेव्हा गप्प बसलो. आता राहवत नाही.

अरे, स्पेनकडून २००८ आणि २०१२ असे दोन युरो कप जिंकलेला माणूस आहे तो! २०१४ च्या इंग्लंडमधल्या एफए कप फायनलमध्ये याचा तेव्हाचा क्लब आर्सेनल ०-२ ने मागे होता, तेव्हा फ्री किकवर पहिला गोल याचा. मग घोटा गेला. ऑक्टोबर २०१६ नंतर आर्सेनलकडून एकही मॅच नाही. जखमेत गँगरीन, टाचेची शीर सडलेली, ऑपरेशनवर ऑपरेशन. हाताची कातडी काढून घोट्यावर लावली, तर लेकीच्या नावाच्या टॅटूचा तुकडाही पायावर गेला. डॉक्टर म्हणाले, मुलासोबत बागेत फिरता आलं तरी समाधान मानायचं.

माझ्या मामालाही हेच ऐकवलं होतं. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून हाफला खेळायचा, शाहू स्टेडियमवर गुडघा गेला. "चालता येतंय ना, नशीब समजा." मामा पुन्हा मॅच खेळला नाही. पण उजाडायच्या आत मैदानावर जाऊन गल्लीतल्या पोरांना शिकवायला लागला, एक रुपया न घेता. त्यालाही सगळ्यांनी विचारलं, काय मिळतं तुला?

काझोर्ला मात्र परत खेळला. २०१८ मध्ये स्पेनचाच व्हियारेआल क्लब, २०१९ मध्ये थेट स्पेनच्या संघात. आणि २०२३ मध्ये घरी, ओव्हिएडोला. लहानपणी तिथेच शिकलेला, पण २००३ मध्ये क्लब कर्जात बुडाला आणि पहिल्या संघाकडून एकही मॅच न खेळता याला जावं लागलं. २०१२ मध्ये क्लब बंद पडायची वेळ आली, तेव्हा शेअर घेऊन मदत करणाऱ्यांत हा होता. परतताना फुकट खेळायची तयारी होती, नियमात बसत नाही म्हणून किमान पगार घेतला. वर अट काय, तर आपल्या जर्सीच्या विक्रीतले १० टक्के क्लबच्या पोरांच्या अकादमीला द्या. आणि आपण विचारतोय काय मिळालं! प्रत्येक गोष्टीची पगाराची स्लिप मागायची सवय लागलीय आपल्याला, संताप येतो.

हो, कतारमध्ये खेळून त्याने पैसा केला होता, म्हणून त्याला परवडलं, मान्य. मामाला तर परवडतही नव्हतं.

२१ जून २०२५. वरच्या लीगमध्ये जायच्या प्लेऑफची मिरांदेस क्लबविरुद्ध दुसरी मॅच, दोन्ही मॅचचे गोल मिळून ओव्हिएडो ०-२ ने मागे. पेनल्टी मिळाली. घेतली कोणी? ४० वर्षांच्या काझोर्लाने. गोल! जादा वेळेत ३-१, आणि २४ वर्षांनी ओव्हिएडो स्पेनच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, ला लीगामध्ये. ती क्लिप मामाला दाखवली. तो चेंडू बघतच नव्हता, घोटा बघत होता. परत लाव म्हणाला, परत, अजून एकदा. मग एवढंच बोलला, "टेकवतोय बघ कसा, न भिता."

राग जरा उतरलाय आता. दुपारच्या त्या मित्रालाही टॅग करत नाही, वाचेल तो.

एक काम मात्र करा. हंगाम तोंडावर आलाय आणि मामाच्या बारक्या पोरांतली बरीचशी अनवाणी खेळतात. घरात लहान मापाचे वापरण्याजोगे फुटबॉल बूट पडून असतील तर मला मेसेज करा, कोल्हापुरात कुठूनही येऊन घेऊन जाईन.