सलोखा साजरा करण्याची सोपी पद्धत

यंदा तुमच्या सोसायटीला सामाजिक सलोख्याचा उपक्रम करायचाय? उत्तम. महिना नोव्हेंबर धरा. 16 तारखेला आंतरराष्ट्रीय सहिष्णुता दिन आणि 19 पासून सरकारी कौमी एकता सप्ताह; एकाच मांडवात दोन्ही उरकतात.

मुलांची वेशभूषा स्पर्धा हवीच. मौलवी व्हायला जोशांचा नातू घ्या, पाद्री व्हायला कुलकर्ण्यांचा. खरे शेख, खरे डिसोझा शोधत बसू नका. ते सापडण्यासारखे असते तर बिल्डिंगमध्येच राहत असते. ईद मिलन शीरखुर्म्यावर थांबवा. बिर्याणीचं नाव निघालं की कमिटीला लिफ्टमधला वास आठवतो.

मग परिसंवाद. वक्ते तीन, हार चार (चौथा माजी नगरसेवकांसाठी). आपलाच धर्म सर्वांत सहिष्णू कसा, हे प्रत्येकानं सांगावं. वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत, हे पत्रिकेतच छापून टाका.

कोणी अतिउत्साही माणूस भिवंडीचं उदाहरण काढेल. त्याला लगेच चहाच्या व्यवस्थेवर पाठवा. 1970 आणि 1984 मध्ये दंगलींनी पेटलेल्या त्या गावात पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. कबुतरं नाहीत, बॅनर नाही. दोन्हीकडची माणसं, बीटवरचा साधा पोलीस आणि गल्लीतली रोजची कटकट. तीही एकदा नाही, पुन्हा पुन्हा! 1992-93 च्या दंगलींत मुंबईत श्रीकृष्ण चौकशी आयोगाच्या हिशेबानं 900 माणसं मेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पण याचा फोटो कसा काढणार? न झालेल्या दंगलीला सन्मानचिन्ह देता येत नाही.

नेमका त्याच आठवड्यात एजंटचा फोन येईल. बी विंगमधला फ्लॅट, पार्टी चांगली, दोघंही डॉक्टर, आडनाव शेख. घाबरू नका. 'आमचं काहीच नाही हो, पण बाकीचे मेंबर...' हे वाक्य प्रत्येक मेंबरनं पाठ करावं. सगळेच ते म्हणतात, त्यामुळे बाकीचे कोण हे कधीच कळत नाही. लेखी काही देऊ नका. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या पारशी सोसायटीला फक्त पारशी सभासद घ्यायची मुभा दिली होती, असं कोणीतरी ग्रुपवर टाकेलच. ती सोसायटी मुळात पारशांनी पारशांसाठीच काढली होती, एवढा भाग फॉरवर्ड करताना गाळावा. आपल्या सोसायटीच्या उपविधीत तसं अक्षरही नाही, हे तर सांगूच नये.

राहिला प्रायोजकांसाठी अहवाल. त्यात 'अल्पसंख्याकांचा सहभाग' असा एक रकाना असतो. तो रिकामा दिसला तर मांडववाल्याकडे, साउंडवाल्याकडे आणि केटररकडे बघा. तिथे तीन-चार शेख, एखादा अन्सारी नक्की निघतो. हजेरीपत्रकावर त्यांच्या सह्या घ्या. फक्त मांडव सुटायच्या आत घ्या. नंतर वॉचमन त्यांना गेटमधून आत सोडणार नाही.