आधी गिअरबॉक्सचं विचारा

गाडीच्या इंजिनची ताकद वाढवून देणाऱ्या ट्यूनरवरच्या लेखात म्हटलंय की जो ट्यूनर सगळ्यात जास्त हॉर्सपॉवर काढून देतो त्याच्याकडेच गाडी द्या, हे अजिबात नाही पटलं. फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हियाचं १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन घ्या, कंपनीतूनच १५० पीएस ताकद आणि २५० एनएम टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) येतो, आणि डीएसजीवाल्या, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाडीत जो डीक्यू२०० ड्राय क्लच गिअरबॉक्स आहे त्याची टॉर्क झेलायची लिमिटच २५० एनएमच्या आसपास आहे, म्हणजे स्टेज १ रिमॅप (पार्ट न बदलता नुसतं इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) मारला की आपण लिमिटच्या पुढे गेलोच. चांगला शॉपवाला हे पैसे घ्यायच्या आधी स्वतःहून सांगतो.

माझ्या पोलो जीटीच्या वेळी पहिल्या ट्यूनरने डायनोचा (ताकद मोजायच्या मशीनचा) ग्राफसुद्धा दाखवला नाही, नुसतं "भाऊ, गाडी उडेल" म्हणाला, आणि सहा महिन्यांत क्लच घसरायला लागला. खूप वाईट वाटलं, हौसेने घेतलेली गाडी होती. दुसऱ्याने आधी स्टॉक कंडिशनमध्ये, म्हणजे काही बदल न करता, डायनो रन घेतला, इंजिनच्या डेटाचे लॉग नीट बघितले, टायर आणि ब्रेक पॅड बदलायला लावले, इंजिन सॉफ्टवेअरच्या ओरिजिनल फाईलचा बॅकअप माझ्या हातात दिला, मग कुठे लॅपटॉप जोडला. अशा माणसाकडे दोन महिने नंबर लावावा लागला तरी चालेल. आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी कळवा हो, नाहीतर क्लेमच्या वेळी अडकाल.