आपल्या तक्रारीस उत्तर : हा वॉश आतून वापरण्यासाठी नाही

सप्रेम नमस्कार,

योनीभागाच्या स्वच्छतेसाठीचा आमचा इंटिमेट वॉश आपण तीन आठवडे रोज दोन वेळा आतून-बाहेरून वापरलात, तरी माशासारखा वास गेला नाही, उलट आग होऊ लागली, आणि बाटलीवर ‘सामू संतुलित’ असे छापून आम्ही ग्राहकांची दिशाभूल करतो, असे आपण परीक्षणात (रिव्ह्यूमध्ये) लिहिले आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून क्षमा मागते. कृपया हा वॉश वापरणे आजच थांबवावे.

हा वॉश केवळ बाहेरच्या भागासाठी आहे, ही सूचना बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत आहे आणि पुढे मात्र ‘दिवसभर ताजेपणा’ हे शब्द ठळक आहेत. ते वाचून वास घालवण्यासाठी तो आत वापरावा असे कुणालाही वाटेल. त्यात आपली चूक नाही. त्याहूनही मला लागलेली गोष्ट अशी की, आपण फोन केलात तेव्हा आमच्या प्रतिनिधीने ‘आणखी पंधरा दिवस वापरून पाहा’ असे सांगितले. आग होत असल्याचे कळल्यावर असा सल्ला कदापि द्यायला नको होता.

सामूबद्दलचा (म्हणजे pH; तो ७ पेक्षा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) आपला आक्षेप मला योग्य वाटतो. प्रजननक्षम वयात योनीमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेनचा (साखरेच्या एका साठवण-रूपाचा) साठा असतो आणि त्याच्या आधारे तेथील लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून आतील सामू साधारणपणे ३.८ ते ४.५ इतका राहतो आणि अपायकारक जंतूंना तेथे सहसा जम बसवता येत नाही. (या जिवाणूंचे वर्णन आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १८९२ मध्येच केले होते.) साबणाचा सामू ९ ते १० च्या आसपास असल्याने आम्ही आमचा वॉश आम्लधर्मी ठेवला, परंतु सामू जुळला म्हणून आतून धुणे सुरक्षित ठरत नाही, कारण त्याने हे उपयुक्त जिवाणूच वाहून जातात आणि फेस आणणारे घटक व सुगंध यांमुळे नाजूक अस्तराची आग होऊ शकते. योनीमार्ग स्वतःच्या स्रावाने स्वच्छ होत असतो. पाळीच्या चक्रानुसार कधी पातळ, कधी चिकट असा पांढरा किंवा पारदर्शक स्राव जाणे स्वाभाविक आहे, आणि बाहेरच्या घड्यांसाठी साधे कोमट पाणी पुरेसे असते. हे उत्पादन विकणारी असूनही मी हे स्पष्टपणे सांगते, कारण आमचा वॉश ही सोय आहे, गरज नव्हे.

आपण लिहिलेला वास मात्र धुऊन जाणारा नाही. असा वास आणि पातळ, करडसर पांढरा स्राव ही बॅक्टेरियल व्हजायनोसिसची (योनीमार्गातील जिवाणूंचा समतोल बिघडण्याची) लक्षणे असू शकतात. त्यावर डॉक्टर तपासणीनंतर मेट्रोनिडॅझोलसारखे औषध देतात. दह्याच्या चोथ्यासारखे पांढरे जाणे आणि तीव्र खाज असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो आणि त्याचे औषध वेगळे असते, म्हणून घरात उरलेले मलम अंदाजाने लावू नये. निदान करण्याचा अधिकार मला नाही. आपण याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल किंवा आपण गर्भवती असाल, तर एक दिवसही थांबू नये. तीन आठवडे काय वापरले हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, आणि जाण्याआधीचे दोन दिवस आत काहीही घालू नये, म्हणजे तपासणीत अडथळा येणार नाही.

आपले पैसे आम्ही बिल किंवा बाटली न मागता परत करत आहोत. हे परीक्षण काढून टाकावे अशी विनंती आम्ही करणार नाही, कारण ते वाचून आणखी कुणी वेळीच थांबेल. ‘दिवसभर ताजेपणा’ हे शब्द आम्ही काढून टाकत आहोत, पुढच्या उत्पादनापासून त्या जागी, तितक्याच मोठ्या अक्षरांत, ‘फक्त बाहेरून वापरा, वास, खाज किंवा आग असल्यास डॉक्टरांना दाखवा’ असे छापलेले असेल.