पडलेल्या माणसाला हात लावा

आज लेक घरी आला आणि दप्तर खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "आई, रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर हात नाही लावायचा. फेंटानिल असतं. आपण पण मरतो." फेंटानिल म्हणजे अफूच्या जातीचं जोरदार वेदनाशामक औषध; नशेसाठी ते बेकायदाही विकलं जातं. लेक चौदा वर्षांचा आहे. कुठून शिकलास? तर मित्राच्या फोनवर पोलिसांचा व्हिडिओ पाहिला, फेंटानिलला हात लागला आणि पोलीस कोसळला असा. दुपारी आमच्या इथल्या मराठी ग्रुपवरही तोच फिरत होता, खाली "मुलांना जरूर दाखवा". तेव्हापासून डोकं शांत नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या हातावर फेंटानिल सांडलेलं आहे. सांगलीला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नर्स म्हणून नवीन होते. दोन मिलीची अँप्यूल, म्हणजे काचेची बंद कुपी, आत 100 मायक्रोग्रॅम औषध. कुपीची मान मोडायला गेले आणि ती हातातच फुटली. काच लागली नाही, पण औषध तळहातावरून मनगटापर्यंत ओघळलं. इनचार्ज सिस्टर ओरडल्या. कशासाठी? "अगं, काचा गोळा कर आधी, रजिस्टरला काय लिहिणार आहेस?" मी नळाखाली हात धुतले, वाया गेल्याची नोंद केली, भूल देणाऱ्या मॅडमची साक्षीची सही घेतली आणि पुढच्या केसची ट्रॉली लावली. माझा जीव जाईल असं त्या खोलीत कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि इथे अमेरिकेत, आमच्याच ओहायोत, ईस्ट लिव्हरपूलला, 2017 मध्ये एका पोलिसानं शर्टावरची पूड हातानं झटकली आणि तो कोसळला, अशी बातमी देशभर गेली. 2021 मध्ये सॅन डिएगोचा तसाच व्हिडिओ आला, 2022 मध्ये फ्लोरिडातल्या टवारेसचा. ज्यांनी आयुष्यभर ही औषधं हाताळली त्या डॉक्टर-नर्सेसनी प्रत्येक वेळी सांगितलं, की हे असं होत नाही. फेंटानिल जास्त झालं की श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. धाप लागणं, छातीत धडधडणं, हातापायाला मुंग्या येणं ही घाबरल्याची लक्षणं. हा फरक ओळखण्यात माझी अर्धी नोकरी गेलीय.

2017 मध्येच अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी हिशोब मांडला होता. दोन्ही तळहात फेंटानिलच्या पॅचनं पूर्ण झाकले, तरी 100 मायक्रोग्रॅम आत जायला सुमारे 14 मिनिटं लागतील. पॅच तर कातडीतून औषध आत जावं म्हणूनच बनवलेला असतो, कोरडी पूड तशी शिरत नाही. 100 मायक्रोग्रॅम म्हणजे माझी ती एक अँप्यूल.

हो, श्वासावाटे जाऊ शकतं, मान्य. 2002 मध्ये मॉस्कोच्या थिएटरमध्ये याच जातीच्या औषधाचा वायू सोडला तेव्हा शंभराच्या वर ओलिसांचा जीव गेला. पण तो बंद सभागृहात मुद्दाम सोडलेला होता. गाडीच्या सीटवर पडलेल्या पुडीची गोष्ट ती नव्हे.

पोलीस नाटक करतात असं मला म्हणायचं नाही. ते व्हिडिओ मी परत परत पाहिलेत आणि त्या माणसांच्या डोळ्यांतली भीती खरी आहे. 2016 मध्ये त्यांना अमली पदार्थविरोधी खात्यानंच सांगितलं होतं, की नुसत्या स्पर्शानंही मरण येऊ शकतं. त्या दिवशी ओटीत काचांऐवजी सिस्टर म्हणाल्या असत्या "आता तू जाणार", तर मीही तिथल्या फरशीवर आडवी झाले असते. हे मला पक्कं माहीत आहे. त्या माणसांना कुणीतरी जवळ बसवून खरं सांगायला हवं होतं.

ते सोडून झालं काय? फ्लोरिडात 2024 मध्ये कायदा आला. बेकायदा फेंटानिल बाळगणाऱ्यामुळे पोलिसाला त्याचा संपर्क होऊन ओव्हरडोस किंवा गंभीर इजा झाली, तर 15 वर्षांपर्यंत कैद! जे कातडीतून असं होतच नाही, त्याची भीती कायद्यात जाऊन बसली. आणि आपण शिकले-सवरलेले लोक पुढे पाठवत बसतो. ग्रुपवरच्या ताई-दादांनो, राग मानू नका, पण पाठवण्याआधी मला एक फोन करायचा होता ना!

कारण पडलेल्या माणसाकडे मिनिटंच असतात. श्वास थांबला की मेंदू वाट बघत नाही. 2022 मध्ये या देशात लाखाहून जास्त माणसं ओव्हरडोसनं गेली. त्यातल्या कितीतरींच्या आसपास कुणीतरी होतं. ते कुणीतरी हात मागे घेऊन उभं राहिलं तर? माझा लेक तसा उभा राहिला तर? हे लिहितानाही पोटात कालवतंय.

नारकॅन, म्हणजे अशा ओव्हरडोसवरचा उतारा, त्याचा नाकात मारायचा स्प्रे 2023 पासून इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. माझ्या पर्समध्ये एक असतो, गाडीत एक. आज जेवणं झाल्यावर लेकाला समोर बसवलं. मान कशी मागे करायची, नळी नाकपुडीत कुठवर घालायची, दाबायचं कधी, आधी 911 ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन, श्वास नसेल तर तोंडानं श्वास कसा द्यायचा, सगळं दाखवलं. मग त्याला त्या अँप्यूलची गोष्ट सांगितली. त्यानं माझा तळहात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मग तू काय केलंस?"

"हात धुतले," म्हटलं.