मागच्या पायातला माणूस

"वाघ नाही, सिंह नाही, मग तीनशे रुपये कसले घेतात?"

परवाच्या रविवारी हे वाक्य मी पाच वेळा ऐकलं. सर्कशीच्या तिकिटाच्या खिडकीपाशी एकदा, रांगेत दोनदा, मध्यंतरात भेळेच्या गाडीपाशी एकदा. आणि सगळ्यात आधी घरातच, बाबांच्या तोंडून. आम्ही अजून चपला घालत होतो.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे. आम्ही मूळचे मिरजेचे, म्हणजे सर्कशीच्या मुलखातले. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे, म्हैसाळचे सर्कसवाले देवल, हा सगळा आमच्या आजूबाजूचा पट्टा. मुंबईत कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस पाहून छत्र्यांनी स्वतःची सर्कस उभी केली आणि २० मार्च १८८० ला पहिला खेळ लावला. ही तारीख बाबांना माझ्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ आहे. छत्रे ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणं शिकलेले. पुढे खाँसाहेबांचा मुलगा रहिमतखाँ, मनाने पार विस्कटलेला, त्याला त्यांनी आपल्यापाशी ठेवून सांभाळलं. सर्कशीच्या तळावर एकीकडे घोडे खिंकाळतायत आणि दुसरीकडे रहिमतखाँ गातायत, हे चित्र बाबा इतकं रंगवून सांगतात की ते स्वतः तिथे हजर होते असं वाटावं.

तर अशा माणसाला मी बिनप्राण्यांच्या, 'नव्या रूपातल्या' सर्कशीला नेलं. सोबत माझा नऊ वर्षांचा लेक. त्याने सर्कस आयुष्यात पाहिलेली नाही, त्यामुळे काय नाहीये हे त्याला माहीतच नव्हतं. त्या दिवशी तंबूत सगळ्यात चांगला प्रेक्षक तोच ठरला.

आधी मी काय पाहिलं होतं ते सांगते, नाहीतर लोक म्हणतील हिला काय कळतंय. मी नऊ-दहा वर्षांची असताना मिरजेत सर्कस आली की पहिल्यांदा कळायचं ते आभाळात. रात्री फोकस फिरायचा. तो आमच्या गच्चीवरून गेला की आम्ही ओरडायचो, जणू त्याने आम्हालाच शोधलंय. मग गल्लीतली भटकी कुत्री दिसेनाशी होतायत, सर्कसवाले वाघाला घालतात, अशी वार्ता पसरायची. सगळी कुत्री जागेवरच असायची. तंबू दिसायच्या आधी वास यायचा. आत गेल्यावर तो सिंह. स्टुलावर बसलेला, आयाळ झडलेली, एका बाजूच्या बरगड्या मोजता येतील असा. रिंगमास्टरने चाबूक वाजवला की तो पंजा उगारायचा आणि आम्ही टाळ्या पिटायचो. तंबूमागे साखळीला बांधलेला हत्ती सारखा डावीकडे-उजवीकडे हलायचा. 'हत्ती डुलतोय' म्हणून आम्ही त्याच्यासमोर डुलायचो. बांधलेल्या हत्तीचं ते तसं हलणं आनंदाचं नसतं, कोंडल्याचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या डुलण्याची आठवण आता नकोशी होते.

ऑक्टोबर १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. पुढे हत्तीही गेले. माझ्या मते झालं ते उत्तम झालं, यात माझ्या मनात जराही दुमत नाही. बाबांच्या आहे. "दामू धोत्रे बघ," ते म्हणतात, "पुण्याचा माणूस, अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीत बिबळ्यांना खेळवायचा." खरं आहे. पण त्याच रिंगलिंगने २०१६ मध्ये हत्ती निवृत्त केले, मग तिकीटविक्री एकदम घसरली असं मालकांनीच सांगितलं, आणि २०१७ च्या मे महिन्यात तब्बल १४६ वर्षांचा कारभार बंद केला. म्हणजे 'प्राणी नाहीत तर मजा नाही' ही तक्रार पोकळ नाही. लोक खरंच फिरकत नाहीत. तीच सर्कस २०२३ मध्ये परत आली, ती एकही प्राणी न घेता. हे ऐकून बाबा म्हणाले, "मग तिला सर्कस कशाला म्हणतात?"

प्रश्न चोख आहे. कारण सर्कशीचं रिंगण मुळात घोड्यासाठीच आखलेलं. १७६८ च्या सुमाराला लंडनमध्ये फिलिप ॲस्ले नावाच्या घोडेस्वाराने पाहिलं की घोडा गोल धावत राहिला की बाहेर खेचणाऱ्या ओढीमुळे पाठीवर उभ्या माणसाला तोल सापडतो. फार लहान गोल घेतला तर घोडा अडखळतो, फार मोठा घेतला तर ती ओढ राहत नाही. होता होता माप ठरलं, ४२ फूट व्यास. आजही जगभर रिंगण साधारण तेवढंच असतं. घोडा गेला, त्याने आखलेला गोल राहिला. हे बाबांना सांगितलं तर ते गप्प बसले. बाबा गप्प बसणं ही आमच्याकडे मोठी घटना असते.

आता तंबूत काय झालं ते.

सुरुवातीला भल्यामोठ्या पडद्यावर रंगीत आकृत्या, छातीत धडधडेल इतक्या आवाजात गाणं, आणि एक निवेदक. "आवाज नही आयी पुणेवालों!" आम्ही आवाज काढला. तरी त्याला नाही आली. मग आले 'जंगल के राजा'. कापडाचा सिंह, फायबरचं तोंड असलेला जिराफ, आणि एक भलामोठा करडा हत्ती, सोंड हलवणारा. शंभरेक मोबाइल वर गेले. दोन मिनिटांनी ते सगळे खाली आले आणि लोक त्याच मोबाइलवर दुसरं काहीतरी बघू लागले. मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, "ह्यापेक्षा गणपतीतला देखावा बरा असतो." त्यांचं बरोबर होतं. वाघ मागणाऱ्या माणसाला कापडाचा वाघ दाखवणं म्हणजे त्याची तक्रार मान्य करून वर त्याची चेष्टा करणं. काही मोठ्या सर्कशी आता यंत्राचे हत्ती करतात, जर्मनीतल्या रोनकाल्लीने तर प्रकाशाचे हत्ती आणि घोडे रिंगणात आणले. कौशल्य नक्कीच आहे त्यात. पण बघणाऱ्याचं लक्ष शेवटी 'कसं केलं असेल' यावर जातं, आणि ते एकदा कळलं की संपलं.

माझा लेक मात्र वाकून हत्तीच्या पायांकडे बघत होता. खाली चार माणसांचे पाय दिसत होते. म्हणजे दोन माणसांचे चार. मागच्या पायांत निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल होती.

"आई, मागच्या पायातला माणूस श्वास कुठून घेतो?"

पुढची दहा मिनिटं त्याने दुसरा विषय काढला नाही. तो वाकूनच असणार का, त्याला दिसत कसं, पुढचा थांबला तर हा आपटत नाही का, घामाचं काय. बाबा आधी वैतागले आणि मग त्यांनाही उत्तर हवंसं वाटू लागलं. हत्ती बाहेर गेला तेव्हा तंबूतली बहुतेक माणसं सोंडेकडे बघत होती, आणि आमच्या घरातले तिघं एका चपलेकडे.

मला जे म्हणायचंय ते हेच. 'प्राणी नाहीत' असं आपण म्हणतो तेव्हा रिंगणात जो उरलाय त्याच्याकडे आपण बघायला बसलेलोच नसतो. तो आपल्याला फुकटात मिळालेला वाटतो, वाघाच्या आधीचा वेळ भरणारा. २०१८ मध्ये मुंबईला बीकेसीत कॅनडाची सर्क द्यु सोलेय 'बाझार' घेऊन आली होती. माझी मैत्रीण हजारो रुपये मोजून गेली. झुल्यावरची माणसं, मल्लखांबावरची माणसं, बस. तिथे वाघ कुठाय म्हणून तिने विचारलं नाही. उलट 'काय ती शरीरं, काय ती लय' असं आठवडाभर ऐकवलं. तीच बाई परवा मला फोनवर म्हणाली, "तंबूतल्या सर्कशीत आता काय राहिलंय गं बघण्यासारखं?" मल्लखांब आपला, आणि तो आपल्याला कॅनडातून येऊन दाखवला की कला, गावच्या मैदानात दाखवला की टाइमपास.

सर्कसवाल्यांनाही मी सोडणार नाही. मध्यंतरानंतर झुल्याचा खेळ होता. जाळी ताणली, सहा जण वर चढले. त्यातली एक मुलगी, वीस-बावीस वर्षांची असेल. ती झुला सोडून हवेत गिरकी घेणार आणि पलीकडे उलट्या लटकलेल्या कॅचरच्या हातात जाणार. ती सुटली, गिरकी झाली, हात हाताला लागले आणि निसटले. ती जाळीत पडली. आणि नेमक्या त्याच क्षणी स्पीकरमधून झांजांचा दणका आणि विजयाचं संगीत! रेकॉर्ड लावलेली. तिला काय माहीत कोण पडलं.

बाबा ताडकन म्हणाले, "बँडवाला असता तर थांबला असता."

मग मला त्यांनी जे सांगितलं ते मी लहानपणी कधी पाहिलंच नव्हतं, कारण मी सिंहाची वाट बघत बसायचे. जुन्या सर्कशीत प्रवेशदाराच्या वर बँड बसायचा. ढोलवाला स्वतःच्या काठ्यांकडे बघायचा नाही, त्याची नजर वर झुल्यावर. कलाकाराचा श्वास लांबला की तोही काठ्या लांबवणार, पकड झाली की मगच दणका. पडला कुणी, तर ढोल तिथेच गप्प. "सगळ्या तंबूत त्या पोरीकडे खरं लक्ष कुणाचं असेल तर त्याचं," बाबा म्हणाले. बँड ठेवायला पैसे लागतात, ते मला कळतं. मैदानाचं भाडं, परवानग्या, जनरेटर, पावसाळ्यात बंद, टाळेबंदीत तर सगळंच ठप्प. पण कापडी जिराफाला आणि त्या पडद्याला पैसे सापडले, तर एका ढोलवाल्याला का सापडू नयेत?

जाळीतून ती उठली. गाणं अजून वाजत होतं. तिने निवेदकाकडे बघून बोट वर केलं, पुन्हा. कुणीतरी शहाण्याने आवाज बंद केला. रविवारचा खेळ, निम्म्याहून जास्त भरलेला तंबू, आणि दोराची शिडी चढतानाचा तिचा आवाज ऐकू येत होता. शेजारची बाई पदर तोंडात धरून बसली होती. गणपतीचा देखावा म्हणणारे काका उभे राहिले होते. पोराने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

या वेळी पकड बसली.

टाळ्या इतक्या की निवेदकाला आवाज मागावा लागला नाही. आणि त्या गडबडीत मला शोधूनही कुणाच्या चेहऱ्यावर वाघ दिसला नाही. भीती होती, अगदी तीच जुनी, पिंजऱ्याचं दार उघडताना वाटायची ती. फक्त या वेळी जिच्यासाठी ती वाटत होती ती स्वतःच्या मर्जीने वर गेली होती. (पूर्ण मर्जीने का, हा प्रश्न आहेच. लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये द्यावा लागला, हे मी विसरलेले नाही.)

जाणार असाल तर एक सांगते, पुढच्या खुर्च्यांचं तिकीट काढू नका. मान अवघडते आणि झुला अर्धाच दिसतो. गॅलरीत बसा.

रात्री जेवण झाल्यावर बाबांनी मिरजेला त्यांच्या मित्राला फोन लावला. मी भांडी आवरत होते, एका बाजूचंच ऐकू येत होतं.

"हो, सर्कशीला गेलो होतो... नाही रे, वाघ नव्हते... नाही, सिंहही नाही... अरे हत्ती होता, पण ते सोड. ऐक तर आधी. एक पोरगी होती झुल्यावर..."